शस्त्रक्रियोत्तर रुग्ण आणि योगसाहित्य : सौम्य श्वसनाभ्यासाच्या मांडणीची चिकित्सा

बीजसंज्ञा : शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषा, प्राणायाम, दीर्घश्वसन, योगोपचार, आरोग्यविषयक मराठी लेखन

विषयप्रवेश

मराठीत योगविषयक आरोग्यग्रंथांची वानवा नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आसनांची सचित्र पुस्तके, मधुमेह, दमा, पाठदुखी यांवरील स्वतंत्र पुस्तिका आणि वृत्तपत्रीय सदरांचे संग्रह सहज हाती लागतात. शस्त्रक्रिया होऊन रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला मनुष्य या साहित्यात कोठे आढळतो, असा प्रश्न मनात धरून ते वाचू लागले असता एक गोष्ट ध्यानात येते. हा मनुष्य बहुतेक वेळा प्रकरणाच्या शेवटी, निषेधाच्या ओळीत भेटतो. गर्भवती स्त्रिया, उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी अमुक आसन करू नये, एवढ्यावर त्याची बोळवण होते. दुसऱ्या टोकाला असे लेखन आहे की ज्यात प्राणायामाने न बरा होणारा रोगच शिल्लक राहात नाही. तेथे शस्त्रक्रियाच टळते, त्यामुळे शस्त्रक्रियोत्तर रुग्णाचा विचार करण्याचे प्रयोजन उरत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक खरा मनुष्य आहे. त्याच्या पोटावर टाके आहेत, हाताला सलाईन आहे, कुशीवर वळणे अवघड आहे आणि त्याला कोणीतरी सांगत आहे, ‘मोठा श्वास घ्या.’ हे सांगणे त्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचे आहे. पण ते त्याला कसे करावयाचे हे ठाऊक नाही आणि वेदनेमुळे करवतही नाही. त्याच्यासाठी योगपरंपरेजवळ काही आहे काय, असल्यास नेमके काय आहे, आणि योगविषयक लेखनाने ते नीट मांडले आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या रुग्णाला देण्याजोगी योगातील सर्वांत मौलिक गोष्ट कोणतेही एक आसन अथवा कोणताही एक प्राणायामप्रकार नसून योगाची शिकविण्याची रीत ही आहे : आधी शिकविणे, प्रत्यक्ष माणसाने शिकविणे आणि क्रमाक्रमाने शिकविणे. आपल्या योगसाहित्याने नेमकी हीच गोष्ट वगळून आसनांच्या याद्या पुढे चालविल्या आहेत.

खाटेवरील शरीर

साहित्याच्या चिकित्सेकडे वळण्यापूर्वी त्या खाटेवर काय घडते ते पाहणे अगत्याचे आहे. पोटाच्या वरच्या भागावरील किंवा छातीवरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर श्वासपटलाची हालचाल मंदावते. याला केवळ वेदना कारणीभूत नसते. उदरातील अवयव हाताळले गेल्याने श्वासपटलाला मिळणारी चेतनाच प्रतिक्षिप्त क्रियेने दबते. रुग्ण वरवरचा, लहान आणि भरभर श्वास घेऊ लागतो. निरोगी मनुष्य तासाभरात साधारण दहा वेळा आपल्या नकळत एक मोठा उसासा टाकतो आणि त्या उसाशाने मिटू लागलेले वायुकोश पुन्हा उघडतात. भूल, वेदनाशामक अफूजन्य औषधे आणि दुखण्याची भीती यांमुळे हे उसासे थांबतात. उताण्या स्थितीत फुप्फुसांच्या मागच्या व तळच्या भागांतील वायुकोश मिटतात, कफ साठतो, खोकावे तर टाके ताणतात म्हणून खोकला दाबला जातो. यातून पुढे न्यूमोनियाचा धोका संभवतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि रुग्ण छातीच्या विकाराने दगावला, असे होण्यामागे पुष्कळदा ही साखळी असते.

पूर्वी या साखळीला रुग्णालयच हातभार लावीत असे. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली, त्या काळात उदराच्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घ काळ अंथरुणाला खिळून राहणे हाच उपचाराचा भाग समजला जाई. ही समजूत हळूहळू ढासळली. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश वैद्याने १९४७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा जो लेख लिहिला तो आजही वाचला जातो. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी रुग्णाला लवकर उठविणे, लवकर खाऊ घालणे व वेदना नीट आटोक्यात ठेवणे यांची एकत्र योजना मांडली आणि ती पुढे जगभर स्वीकारली गेली. तीन चेंडूंचे श्वसनयंत्र आता आपल्या तालुक्याच्या गावातील शुश्रूषागृहातही दिसते. २०२०-२१ च्या साथीत तर ते अनेक घरांत पोहोचले. त्या यंत्राची अपेक्षा एवढीच असते की श्वास सावकाश आत ओढावा, चेंडू वर ठेवावेत, क्षणभर थांबावे आणि मग सोडावे. हरवलेला उसासा कृत्रिम रीतीने परत आणण्याचाच हा खटाटोप आहे.

येथे ‘सौम्य’ या शब्दाविषयी सावध होणे आवश्यक आहे. ‘सौम्य योग’ म्हणजे निरुपद्रवी योग, म्हणून तो रुग्णाला द्यावयास हरकत नाही, असा एक सोयीस्कर समज रूढ आहे. परंतु मिटलेले वायुकोश सौम्यतेने उघडत नाहीत. त्यांना पूर्ण भरलेला आणि काही क्षण टिकविलेला श्वास लागतो. डोळे मिटून, मंद संगीत लावून, संथ व उथळ श्वासात पडून राहणारा रुग्ण शांत दिसतो, त्याचे दुखणेही कमी होत असेल. तथापि त्याच्या फुप्फुसाचा तळ तसाच मिटलेला राहू शकतो. शिथिलीकरणाचा अभ्यास त्याला चालण्यापासून परावृत्त करीत असेल, तर तो त्याच्या हिताचा नाही. वेदना व भय सैल करणे आणि श्वास खोलवर नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम दुसऱ्याची पूर्वतयारी आहे, दुसऱ्याचा पर्याय नव्हे. योगविषयक लेखनात हा भेद अपवादानेच आढळतो.

ग्रंथपरंपरेतील रुग्ण

प्राचीन ग्रंथांकडे पाहिले असता असे दिसते की, त्यांनी व्याधीची दखल घेतली आहे, पण उपचारग्रंथ म्हणून नव्हे. पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादात चित्तविक्षेपाचे नऊ अंतराय सांगितले आहेत आणि त्यांत व्याधीचा क्रमांक पहिला आहे. त्याच्या लगेच पुढच्या सूत्रात विक्षेपाच्या सोबत्यांची गणना येते : दुःख, दौर्मनस्य, अंगांचा कंप आणि विस्कळीत श्वास-प्रश्वास. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवशीचा रुग्ण पाहिलेल्या कोणालाही ही यादी अनोळखी वाटणार नाही. पुढे त्याच पादात चित्त स्थिर करण्याचा एक उपाय म्हणून श्वास बाहेर सोडण्याचा व तेथे थोपविण्याचा निर्देश आहे. उपायाचा आरंभ श्वास घेण्याने नव्हे तर सोडण्याने होतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा उपयोग पुढे येईल.

हठयोगाचे ग्रंथ अधिक व्यवहारी आणि अधिक सावध आहेत. हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात वायूला सिंह, हत्ती वा वाघाप्रमाणे हळूहळू वश करावे, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा इशारा आहे. योग्य प्राणायामाने रोग जातात हे जेथे म्हटले आहे, तेथेच अयोग्य अभ्यासाने रोग उद्भवतात हेही म्हटले आहे. पहिला अर्धा भाग आपल्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवर असतो. दुसरा अर्धा बहुधा मुद्रणालयाच्या वाटेवर गळतो. घेरण्डसंहितेने तर प्राणायामास आरंभ करण्यापूर्वी स्थान, काल, मिताहार आणि नाडीशुद्धी या चार अटी घातल्या आहेत, आणि आरंभाचे ऋतूही वसंत व शरद असे ठरवून दिले आहेत. रुग्णाला शस्त्रक्रियेचा ऋतू निवडता येत नाही. म्हणजे काटेकोरपणे पाहता ग्रंथोक्त प्राणायामाचा अधिकारी तो नव्हेच.

हा निष्कर्ष निराशाजनक वाटेल, परंतु तो प्रामाणिक आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : रुग्णालयात आपण जे शिकवितो त्याला ‘प्राणायाम’ म्हणताना शब्दाची ओढाताण होते. प्राणायामाच्या शास्त्रीय व्याख्येत कुंभकाला केंद्रस्थान आहे. पोटाला टाके असलेल्या मनुष्याने कंठ आवळून दीर्घ कुंभक केला तर उदरातील दाब वाढतो आणि जखमेवर ताण येतो. यंत्रावरील दोनतीन क्षणांचे थांबणे हे त्याहून वेगळे आहे. तेथे कंठ उघडा असतो आणि जोर लावलेला नसतो. शब्द एक ठेवून क्रिया दोन ठेवल्या की गोंधळ होतो. याचे ठळक उदाहरण कपालभातीचे आहे. हठयोगप्रदीपिकेत ती षट्कर्मांपैकी, म्हणजे शुद्धिक्रियांपैकी एक आहे. शिवाय मेद व कफ अधिक असणाऱ्यांनीच षट्कर्मे करावीत, इतरांनी त्यांच्या वाटेस जाण्याचे कारण नाही, असेही तो ग्रंथ सांगतो. २००० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीवरील शिबिरांमुळे ती घरोघरी प्राणायाम म्हणून गेली. पोटाचे स्नायू वारंवार झटक्याने आकुंचित करणारी ही क्रिया ताज्या जखमेवर करणे धोक्याचे आहे. भस्त्रिका, उड्डियान, पुढे वाकण्याची आसने यांविषयीही तेच. हृदयशस्त्रक्रियेनंतर उरोस्थीवर ताण आणणारी आणि नेत्रशस्त्रक्रियेनंतर डोके खाली नेणारी आसने वर्ज्य ठरतात, हे सांगून पुढे जाता येईल.

बडोदा, लोणावळा, पुणे

आधुनिक योगसंशोधनाचा आरंभ एका रुग्णालयात झाला, ही वस्तुस्थिती पुष्कळांना ठाऊक नसते. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत उड्डियान व नौली यांच्या परिणामांचा अभ्यास आरंभिला. पुढे १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. नौलीच्या वेळी उदरपोकळीत वातावरणाहून कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी यंत्राने दाखविले व आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्याला माधवदास यांचे नाव दिले. योगाला मापनाच्या कसोटीवर आणण्याचे हे काम मोलाचे होते. पण त्यातील विसंगतीही पाहिली पाहिजे. प्रयोग रुग्णालयात झाले, परंतु ते निरोगी, तरबेज शरीरांवर झाले. आणि ज्या क्रियेवर संशोधनाचा पाया रचला गेला ती क्रिया उदरशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासाठी सर्वांत आधी निषिद्ध ठरणारी होती. योग रुग्णालयात आला तो प्रयोगशाळेच्या दाराने. वॉर्डाच्या दाराने आला नाही.

कुवलयानंदांच्या लेखनातील शिस्त मात्र पुढच्या पिढीने उचलली असती तर पुष्कळ बरे झाले असते. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणून तो गुणकारी, हे सोपे समीकरण त्यांनी मान्य केले नाही. त्यांनी प्राणवायूचे शोषण व कर्बवायूचे उत्सर्जन मोजले आणि प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र, चेतासंस्थेवरील परिणामांत शोधले. तरीही आज मराठीतील जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत हे समीकरण जसेच्या तसे असते. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘यौगिक थेरपी’ हे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्यशिक्षण विभागाने १९६३ साली प्रसिद्ध केले. त्यात योगोपचाराची दोन अंगे सांगितली आहेत : योग्य मनोवृत्तींची घडण आणि चेता, स्नायू व ग्रंथी यांच्या व्यवस्थेची पुनर्घडण. शस्त्रक्रियोत्तर रुग्ण हा त्या पुस्तकाचा नायक नाही. त्याचा रोख चिवट, जुनाट विकारांकडे आहे. परंतु पहिल्या अंगाचा, म्हणजे भय आणि अपेक्षा यांच्या घडणीचा, शल्यरुग्णाशी जो संबंध आहे तो दाखविण्याची जागा तेथे होती. ती रिकामी राहिली.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दुसरी वाट घेतली. ‘लाइट ऑन योगा’ (१९६६) या त्यांच्या ग्रंथाला रोगवार आसनांची यादी जोडलेली आहे. ही यादी दीर्घ अध्यापनातून आली होती यात शंका नाही. पण यादी हा असा साहित्यप्रकार आहे की तो मूळ ग्रंथापासून, गुरूपासून आणि अनुभवापासून सहज सुटा होतो. मराठीतील पुढच्या कित्येक पुस्तकांत ‘आजार’ आणि ‘आसने’ असे दोन रकाने दिसतात, त्यांचे कुळ येथे आहे. याउलट ‘लाइट ऑन प्राणायाम’ (१९८१) हा ग्रंथ शल्यरुग्णाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त असूनही त्याचा तसा विचार झालेला नाही. त्यात उज्जायीचे टप्पे पाडले आहेत आणि आरंभीचा अभ्यास आडवे पडूनही करण्याची मुभा आहे. नुसता श्वास कसा चालला आहे हे पाहणे, मग सावकाश सोडणे, मग सावकाश घेणे असा क्रम आहे. शवासनाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. लोड, खुर्ची, पट्टा, दोर यांच्या आधाराने असमर्थ शरीराला आसनात बसविण्याची जी पद्धती त्यांनी विकसित केली, तिच्यात हेच तत्त्व आहे : शरीर आसनाच्या मापाचे करण्याऐवजी आसन शरीराच्या मापाचे करणे. अय्यंगारांची आज्ञार्थी, कडक शिक्षणपद्धती सर्वपरिचित आहे आणि ती रुग्णशय्येजवळ शोभणारी नाही. पण आधार देण्याची त्यांची दृष्टी मात्र थेट वॉर्डात नेता येते. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरावयास सांगणारी परिचारिका नकळत तेच करीत असते.

प्रमाणांचे वाचन

अलीकडे योगविषयक मराठी लेखनात ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हा वाक्प्रयोग फार सढळपणे येतो. त्यामुळे निदान एकदोन संशोधने मजकूर म्हणून, म्हणजे ओळ न् ओळ वाचली पाहिजेत.

बंगळूरच्या योगसंशोधकांनी स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांविषयीचा एक अभ्यास २००८ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ योगा’च्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध केला. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेतील ९८ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी केली होती. एका गटाला योगाभ्यास, दुसऱ्या गटाला धीर देणारे समुपदेशन व पुनर्वसनाचे व्यायाम. योगगटातील स्त्रियांचे रुग्णालयातील वास्तव्य, जखमेतील नळी काढण्यास लागलेले दिवस आणि टाके काढण्यास लागलेले दिवस हे तिन्ही कमी भरले. अभ्यास प्रामाणिक आहे, तुलनेचा गट रिकामा ठेवलेला नाही, हे त्याचे गुण. परंतु विश्लेषणात ९८ पैकी ६९ स्त्रियांचीच माहिती आहे. २९ जणी गळल्या. एवढ्या लहान संख्येत एवढी गळती निष्कर्ष डळमळीत करू शकते. दुसरे असे की, घरी केव्हा सोडावयाचे आणि नळी केव्हा काढावयाची हे जखम ठरवीत नाही, माणसे ठरवितात. आपल्या रुग्णालयांत घरी सोडण्याचा दिवस बिलावर, गावच्या अंतरावर, घरी सांभाळणारे कोणी आहे की नाही यावर आणि रुग्णाच्या धिटाईवरही अवलंबून असतो. योगाभ्यासाने स्त्री धीट झाली आणि म्हणून लवकर घरी गेली असेल, तर तोही लाभच आहे. पण तो जखम लवकर भरल्याचा पुरावा नव्हे. हा अभ्यास उद्धृत करणारे लेख ‘योगाने जखम लवकर भरते’ एवढेच सांगून मोकळे होतात.

भ्रामरीची कथा याहून उद्बोधक आहे. गुणगुणताना नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट वाढते, असे वाइट्सबर्ग व लुंडबर्ग या स्वीडिश संशोधकांनी २००२ साली दाखविले. प्रयोग दहा निरोगी पुरुषांवर होता आणि प्रश्न नाकाच्या पोकळ्यांमधील वायुविनिमयाचा होता. तेथून निघालेला हा आकडा आता भ्रामरी फुप्फुसांतील जंतू मारते येथपर्यंत पोहोचला आहे. भ्रामरी शल्यरुग्णाला द्यावी की नाही? खुशाल द्यावी. गुणगुणण्याने उच्छ्वास आपोआप लांबतो, तो किती लांबला हे रुग्णाला स्वतःच्या कानांनी कळते आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एवढे कारण पुरेसे असताना वायूच्या पटीचा आधार कशाला हवा?

या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास योगाचा नाहीच. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील भौतिकोपचारतज्ज्ञांनी २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध केला. पोटाच्या वरच्या भागावर मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या ४४१ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी दोन गटांत विभागले. माहितीपुस्तिका दोन्ही गटांना दिली. एका गटाला त्याखेरीज अर्ध्या तासाची एकच बैठक दिली : भौतिकोपचारतज्ज्ञाने समोर बसून फुप्फुसांचे काय होते ते समजावून सांगितले, श्वसनाचा अभ्यास करून घेतला आणि शुद्धीवर आल्यापासून तो आपला आपण करावयाचा आहे हे बिंबविले. पुस्तिकाच मिळालेल्या गटात २७ टक्के रुग्णांना फुप्फुसांची गुंतागुंत झाली. बैठक मिळालेल्या गटात १२ टक्क्यांना. एका अभ्यासावर इमले रचू नयेत हे खरे, आणि याला योगाचा विजय म्हणणे तर अप्रामाणिकपणाचे होईल. येथे ओंकार नव्हता, नाडी नव्हती, आसन नव्हते.

परंतु काय होते ते पाहावे. लिखित मजकूर दोघांजवळही होता. फरक पडला तो आधी, समोरासमोर, करून घेऊन शिकविण्याने. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत व वेदनेत शिकता येत नाही. शरीर निरोगी असताना शिकलेले मात्र त्या अवस्थेतही आठवते. योगपरंपरेत विद्या ग्रंथावरून घेऊ नये, गुरुमुखातून घ्यावी, असा जो आग्रह आहे त्याची आपण गूढवाद म्हणून एक तर पूजा करतो किंवा हेटाळणी करतो. तो आग्रह अध्यापनशास्त्राचा आहे. याच कसोटीवर चेंडूंचे यंत्रही तपासता येते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या वापराने गुंतागुंत टळते असे मानण्यास पुरावा तोकडा आहे, असे कॉक्रेन संस्थेच्या समीक्षणांत वारंवार आढळले आहे. विकत आणून उशाशी ठेवलेले यंत्र शिकवीत नाही, हे त्यामागचे एक कारण असू शकते.

सूचनेची भाषा

भाषा व साहित्य यांच्या अध्यापकांनी या प्रश्नात लक्ष घालण्याचे कारण येथे येते. आपल्या रुग्णालयांत श्वसनाची सूचना दोन भाषांत चालते. छापील पत्रकाची भाषा विध्यर्थी व कर्ताहीन असते : दीर्घश्वसन करावे, कुशीवर वळावे, खोकून कफ काढावा. कोणी, केव्हा, किती वेळा, दुखल्यास काय, याचा पत्ता नसतो. वॉर्डातील भाषा याच्या अगदी उलट, जवळिकीची आणि घाईची : ‘आजी, मोठा श्वास घ्या! अजून मोठा! काका, जोर लावा!’ जवळीक चांगली आहे, पण सूचना चुकीची आहे. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटल्यावर माणूस खांदे उचलतो, मान ताणतो, तोंडाने हवा गिळतो. छातीचा वरचा भाग हलतो आणि जेथे हवा हवी तो तळ तसाच राहतो. दुखते म्हणून दुसरा श्वास पहिल्याहून लहान होतो. ‘पोट फुगवा’ ही योगवर्गातील सूचना त्याहून अवघड, कारण टाके पोटावरच आहेत.

मराठीत या कामासाठी एक सुंदर साधन आहे आणि ते व्याकरणातच आहे. ‘श्वास घ्या’ आणि ‘श्वास येऊ द्या’ यांत जे अंतर आहे, ते पतंजलीने आसनाच्या संदर्भात सांगितलेल्या प्रयत्नशैथिल्याचे अंतर आहे. ‘तळहात फासळ्यांच्या खालच्या कडेवर ठेवा. आधी श्वास सावकाश सोडा, घाई नाही. आता हाताखालची फासळी बाजूला सरकू द्या. आणखी थोडी येऊ द्या. थांबा. सोडा.’ असे म्हटले की आरंभ सोडण्यापासून होतो, भीती ओसरते, श्वास खांद्यांऐवजी फासळ्यांकडे जातो. मग ‘येऊ द्या’ कडून ‘घ्या’ कडे, अनुज्ञेकडून प्रयत्नाकडे जाता येते. आणि जावेच लागते, कारण वर म्हटल्याप्रमाणे पूर्ण भरलेल्या श्वासाशिवाय काम होत नाही. पाचसहा असे श्वास, मग उशी पोटाशी धरून खोकणे, पावले घोट्यातून वरखाली हलविणे, आणि वैद्यांची संमती मिळताच खाटेच्या कडेवर बसणे. या क्रमाला योग म्हणावे की भौतिकोपचार, हा वाद रुग्णाच्या कामाचा नाही.

एक गोष्ट मात्र वगळता येणार नाही. वॉर्डात निरनिराळ्या धर्मांची आणि कोणताच धर्म न मानणारीही माणसे शेजारी शेजारी निजलेली असतात, आणि रुग्ण हा नाही म्हणण्याच्या स्थितीत क्वचितच असतो. ज्याला ओंकाराने धीर येतो त्याने ओंकार म्हणावा, ज्याला कलम्याने अथवा प्रार्थनेने येतो त्याने ते म्हणावे; लांब उच्छ्वास तिन्हींत आहे. शिकविणाऱ्याने मात्र आधी विचारले पाहिजे. शस्त्रक्रियेसाठी संमतिपत्रावर सही घेणारी व्यवस्था श्वासाच्या बाबतीत संमती गृहीत धरते, हे बरे नव्हे.

अनेक महाविद्यालयांत योगाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतात. त्यांतील क्रमिक पुस्तके चाळली असता शंभराहून अधिक आसनांची नावे विद्यार्थ्याला पाठ असावीत अशी अपेक्षा दिसते. आडव्या पडलेल्या, घाबरलेल्या मनुष्याला एक श्वास कसा शिकवावा याला मात्र एकही तासिका नाही. मोठ्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पुष्कळदा आदल्या दिवशीच दाखल होतो. त्या संध्याकाळी रक्ताचे नमुने जातात, कागदांवर सह्या होतात, रात्रीनंतर काही खाऊ नका असे सांगितले जाते, नातेवाईक पैशांची जुळवाजुळव करीत असतात. रुग्ण तेव्हा शुद्धीत असतो, त्याला दुखत नसते, बसता येत असते, आणि बहुधा त्याच्याशी बोलावयास कोणाला वेळ नसतो. तो अर्धा तास तेथेच मोकळा पडलेला असतो.